थंडीत समुद्रकिनाऱ्यावर काईट बग्गी : पहिल्यांदा जाताय तर आधी हे वाचा

काईट बग्गी म्हणजे तीन चाकांची एकदम बसकी गाडी, इंजिन नाही, ब्रेक नाही, पुढचं चाक दोन्ही पायांनी वळवायचं आणि हातातला मोठा पतंग आपल्याला ओढत नेणार. पतंगाने गाडी ओढायची कल्पना बरीच जुनी, ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉकने १८२६ मध्येच त्याचं पेटंट घेतलं होतं, पण आज दिसते ती स्टीलच्या पाईपची, पायांनी वळवायची बग्गी न्यूझीलंडच्या पीटर लिनने १९९० च्या आसपास लोकांपर्यंत पोचवली आणि तिथून हा खेळ खरा पसरला.

हिवाळ्यातच का जायचं? कारण किनारा मोकळा असतो. उन्हाळ्यात जिथे माणसांतून चालायला जागा नसते तिथे थंडीत लांबच्या लांब ओली टणक वाळू रिकामी पडलेली असते, आणि बऱ्याच ठिकाणी काईटला परवानगीच मुळी गर्दीचा सीझन संपल्यावर मिळते. मला स्वतःला तर हा खेळ थंडीचाच वाटतो. पण एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा, थंडीत चूक सावरायला वेळ कमी मिळतो. बोटं बधिर होतात, दिवस लवकर मावळतो, पाणी गार असतं आणि मदतीला आसपास माणूस नसतो. म्हणून उन्हाळ्यात जो काईट लावला असता त्यापेक्षा एक साईज लहान लावायचा, आणि अजून थोडा वेळ खेळता येईल असं वाटतंय तेव्हाच आवरायला घ्यायचं. खालचं सगळं ह्या दोन गोष्टींना धरूनच आहे.

घरून निघायच्या आधी

तीन गोष्टी एकत्र जुळायला लागतात, ओहोटी, वारा आणि उजेड. ओहोटीची वेळ रोज बदलते, दोन भरत्यांमध्ये बहुतेक किनाऱ्यांवर साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे काल दुपारी दोनला ओहोटी होती तर आज ती पाऊण-एक तास उशिरा असणार. त्या किनाऱ्याचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा आणि पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी वाळूवर पोचा, पूर्ण ओहोटीनंतर तासाभरात आवरायला लागा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा पाणी खूप आत जातं आणि मैदान मोठं मिळतं, नवख्या माणसाला ते बघून मोह होतो, पण तेच पाणी परत येताना तेवढ्याच अंतरावरून आणि जोरात येतं. सहा तासांत जेवढं पाणी चढतं त्यातलं साधारण अर्धं मधल्या दोन तासांत चढतं, म्हणजे सुरुवातीला वाटतं की काही होत नाहीये आणि मग बघता बघता पाणी चाकापाशी.

ह्यातला खरा धोका समोरून येणाऱ्या पाण्याचा नाहीच. सपाट दिसणाऱ्या किनाऱ्यावर वाळूचे उंचवटे असतात आणि त्यांच्यामागे किनाऱ्याच्या बाजूला लांबट खोलगट पट्टे. भरती सुरू झाली की पाणी ह्या खोलगट पट्ट्यांतून बाजूने आत शिरतं, आणि तुम्ही समुद्राच्या बाजूच्या उंचवट्यावर कोरड्यात मजेत फिरत असता तेव्हा तुमच्या पाठीमागे कंबरभर पाणी झालेलं असतं. थंडीत अशा पाण्यातून काईट आणि बग्गी घेऊन चालत येणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून पोचल्यावर आधी पायी चालून ते खोलगट पट्टे कुठे आहेत, कुठल्या टोकाने उघडतात ते बघून घ्या, आणि पाणी पालटलं की समुद्राच्या बाजूच्या उंचवट्यावर जायचंच नाही. हिवाळी वादळात वाळू इकडची तिकडे होते, त्यामुळे मागच्या महिन्यातला किनारा ह्या महिन्यात तसाच असेल असं धरून चालू नका.

परवानगीचं पण आधीच बघा. काही किनाऱ्यांवर काईटला ठराविक पट्टा दिलेला असतो, काही ठिकाणी लायसन्स लागतं, बऱ्याच ठिकाणी दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा विमा मागतात. स्थानिक क्लब असेल तर पहिल्या दिवशी त्यांच्यासोबतच जा. एकट्याने तर अजिबात जाऊ नका, आणि किती वाजता परत येणार ते घरी सांगून निघा.

वारा

सुरुवातीला ताशी १५ ते २० किलोमीटरचा एकसारखा वारा हवा, त्यापेक्षा जास्त नको. समुद्राकडे बघून अंदाज येतो, लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस तुरळक दिसत असेल तर बरोबर, सगळीकडे पांढरं पांढरं दिसायला लागलं की तुमच्यासाठी जास्त झालं. दुसरी खूण वाळूची, कोरडी वाळू घोट्याएवढ्या उंचीवर सरपटत वाहायला लागली की काईट पिशवीतच राहू द्या.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे नीट समजून घ्या. १५ चा २१ झाला की ओढ जवळजवळ दुप्पट, १५ चा ३० झाला की चौपट. त्यात थंड हवा जड, शून्य अंशाला एक घनमीटर हवा साधारण १.२९ किलो भरते आणि तीस अंशाला १.१६, म्हणजे वारा मोजायच्या मीटरवर आकडा तोच दिसला तरी थंडीत काईट दहा-अकरा टक्के जास्त ओढतो. आणि बग्गी आडवी पळायला लागली की स्वतःच्या वेगाने काईटला आणखी वारा मिळतो, ओढ आणखी वाढते. उभं राहून काईट सहज धरता येतोय म्हणून बसल्यावर पण तसाच वाटेल असं होत नाही.

हातात धरायचं वाऱ्याचं मीटर असेल तर एकदा बघून खिशात टाकू नका, चार-पाच मिनिटं हात उंच करून धरा आणि सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा लक्षात ठेवा. दोन्हींत दहाच्या वर फरक असेल तर वारा झटके मारतोय, नवख्याने थांबावं. दिशा म्हणाल तर समुद्राकडून जमिनीकडे येणारा वारा सगळ्यात चांगला, मोकळ्या पाण्यावरून येतो म्हणून एकसारखा असतो आणि तुम्ही किनाऱ्याला समांतर जाऊन आरामात परत येऊ शकता. किनाऱ्याला समांतर वाहणारा वारा कठीण, एका बाजूला जाताना मजा आणि परत येताना वाऱ्याविरुद्ध नागमोडी यावं लागतं. जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा मात्र नको, टेकाडं, झाडं, इमारती अडवून त्याचे तुकडे होतात आणि काईट हातातून सुटला तर सरळ पाण्यात.

काय सामान लागतं

पहिला काईट चार लाईनीचा फॉईल घ्या, म्हणजे कापडाच्या कप्प्यांत हवा भरून फुगणारा, दोन हातांत दोन हँडलं, प्रत्येक हँडलला वरून एक पॉवर लाईन आणि खालून एक ब्रेक लाईन. मध्यम वजनाच्या माणसाला वर सांगितलेल्या वाऱ्यात २ ते ३ चौरस मीटर भरपूर झालं. पाण्यावरच्या काईटसर्फिंगचा हवा भरायचा मोठा काईट कोणी फुकट दिला तरी शिकायला वापरू नका, तो वरच्या बाजूला जास्त उचलतो. लाईनी २० ते २५ मीटरच्या असतात, बारीक आणि प्रचंड मजबूत. ताण असताना लाईन हाताने धरायची नाही, हातमोज्यासकट बोट कापलं जातं.

दोन्ही मनगटांना सेफ्टी पट्टा हवा, त्याची दोरी ब्रेक लाईनला जोडलेली असते. हँडलं सोडून दिली की सगळा ताण ब्रेकवर येतो आणि काईट लटका पडून खाली येतो. घाबरल्यावर माणूस हँडल सोडत नाही, आणखी घट्ट धरतो, म्हणून मुद्दाम हातमोजे घालून हँडलं सोडायची प्रॅक्टिस करा, परत परत, अगदी अंगवळणी पडेपर्यंत. हार्नेस, म्हणजे काईटची ओढ हातांऐवजी अंगावर घेणारा कमरेचा पट्टा, सध्या नकोच. आणि काईट बग्गीला बांधायचा नाही.

हेल्मेट लागतंच, त्यावर तडजोड नाही. डोळ्यांना गॉगल हवा कारण पुढच्या चाकाचं पाणी आणि वाळू सरळ तोंडावर येते, आणि थंडीतलं ऊन तिरपं असतं, एका दिशेला जाताना डोळे दिपतात.

कपड्यांवर जास्त लिहितो कारण इथेच लोक फसतात. पार्किंगमध्ये उभं राहून थंडी जेवढी वाटते त्यावरून कपडे घालतात, पण बग्गीत तुम्ही हलत नाही, बसलेले असता, खालून ओलं होत असता आणि समोरून सतत वारा लागत असतो. हवा ५ अंश असेल आणि अंगावर ताशी ४० चा वारा लागत असेल तर उघड्या त्वचेला ते शून्याच्या खालीच वाटतं. आतला थर सुती नको, सुती कापड भिजलं की गार होऊन अंगाला चिकटतं, त्याऐवजी लोकरीचं किंवा सिंथेटिक. मधे फ्लीस, वरून वारा अडवणारं जॅकेट. कमरेखाली मात्र पूर्ण वॉटरप्रूफ पँट हवी, कारण ओल्या वाळूवर मागची चाकं पाणी उडवतात आणि सीटमध्ये डबकं साचतं, दहा मिनिटांत बूड भिजतं आणि तिथून थंडी पाठीत चढते. सीटच्या कापडाला खाली भोकं आहेत का बघून घ्या, बुजली असतील तर मोकळी करा. बूट उंच आणि वॉटरप्रूफ, तळवा पुढचं चाक वळवायला पाय ठेवतो त्या दांड्यावरून घसरणार नाही असा. हातमोजे पातळ तळव्याचे, हँडल जाणवलं पाहिजे, जाड गुबगुबीत मोज्यांत ब्रेक लाईनचा ताण कळतच नाही. एक कोरडी जोडी जॅकेटच्या आत छातीशी ठेवा. लांब मफलर, लोंबणाऱ्या दोऱ्या काही नको, चाकात अडकतात, त्याऐवजी गळ्यात घालायची पट्टी.

टायरमध्ये हवा वाळूप्रमाणे, टणक ओल्या वाळूवर थोडी जास्त, मऊ वाळूवर कमी म्हणजे चाक पसरून रुतत नाही. थंडीत हवा आकसते, घरात भरलेला टायर किनाऱ्यावर मऊ लागतो, म्हणून तिथे पोचल्यावर एकदा दाबून बघा.

आधी नुसता काईट

पहिले काही दिवस बग्गी गाडीतच राहू द्या. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, काईट तुमच्या समोर लाईनीच्या अंतरावर, पाठीवर झोपवलेला, मागची कड तुमच्याकडे, तिच्यावर थोडी वाळू टाकलेली. तोंडाच्या बाजूला हवा शिरायच्या जाळ्या असतात तिकडे वाळू जाऊ देऊ नका, ओली वाळू कप्प्यात शिरली की काईट जड होतो आणि ती काढायला जीव नकोसा होतो. हँडलं जमिनीत ठोकलेल्या खुंटीला ब्रेकच्या बाजूने अडकवतात म्हणजे काईट आपोआप उठत नाही. खुंटी पूर्ण आत ठोका, अर्धवट ठोकलेली खुंटी झटक्याने उपटली तर उडत येते.

उचलताना हँडलचा वरचा भाग स्वतःकडे ओढा, काईट भरतो आणि सरळ वर जातो. डोक्यावर गेला की तिथे ओढ सगळ्यात कमी, डाव्या-उजव्या कडेलाही कमी, आणि समोर मधोमध खालच्या बाजूला सगळ्यात जास्त. हा नकाशा डोळे मिटून पण समजला पाहिजे. डावं ओढलं की डावीकडे, उजवं ओढलं की उजवीकडे, आणि वळताना त्या बाजूचा ब्रेक हलकासा दाबला की वळण घट्ट बसतं. उतरवताना दोन्ही ब्रेक सारखे ओढा, काईट मागे मागे सरकत खाली येऊन मागच्या कडेवर बसतो.

काईटकडे न बघता तो डोक्यावर स्थिर ठेवता यायला लागला, एका हाताने पण थोडा वेळ सांभाळता आला, आणि चालता चालता डावीकडून उजवीकडे नेता आला की मगच बग्गीकडे वळा. बग्गीत बसल्यावर नजर समोर ठेवावी लागते, त्यामुळे वर काय चाललंय ते हातालाच कळायला हवं.

मग नुसती बग्गी

काईट बाजूला ठेवून बग्गीत बसा आणि मित्राला मागून ढकलायला सांगा. उजवा पाय पुढे रेटला की गाडी डावीकडे वळते, डावा रेटला की उजवीकडे, पहिल्या पाच मिनिटांत डोकं गोंधळतं आणि मग पाय स्वतःच करायला लागतात. ह्याच वेळी एक सवय लावून घ्या, पाय दांड्यावरून काढायचा नाही. थांबण्यासाठी टाच वाळूत टेकवायची माणसाला आपोआप ओढ असते, पण टेकलेला पाय मागे खेचला जातो आणि गाडी त्यावर चढते. ह्या खेळात घोटे आणि पाय मोडतात ते असेच.

दोन्ही एकत्र

आता पहिली फेरी. बग्गी काईटच्या वाऱ्याकडच्या बाजूला, वाऱ्याला आडवी, तोंड किंचित वाऱ्याबरोबर वळवलेलं अशी ठेवा. काईट उचला, डोक्यावर स्थिर करा आणि तसाच ठेवून हळूहळू मागे येत बग्गीत बसा. हे बसणं सगळ्यात अवघड, कारण बसताना हात खाली जातात आणि नकळत एक हँडल ओढलं जातं. दोन्ही कोपरं अंगाशी, हँडलं छातीसमोर एका पातळीत. पाय दांड्यावर टेकले की मग काईट ज्या दिशेला जायचंय त्या बाजूला हळू खाली आणा, जमीन आणि डोकं ह्यांच्या साधारण मधोमध. गाडी हलते. हलली की पायांनी तोंड थोडं वाऱ्याकडे आणून आडवं करा, पाठ मागे टेकवा आणि अंग काईटच्या विरुद्ध बाजूला झुकवा. वारा कमी पडत असेल तर काईट वरखाली आठाच्या आकड्यासारखा फिरवत राहा, पुरेसा असेल तर एका जागी धरून ठेवा.

वेग यायला लागला की लाईनींचा आवाज बदलतो, बारीक गुणगुण चढत जाते आणि हँडलमध्ये थरथर जाणवते. हा आवाज ओळखायला शिका, कारण ओढ वाढतेय हे हातांपेक्षा आधी कान सांगतात, आणि थंडीत हात तर उशिराच सांगणार.

थांबायचं असेल तर आधी ठरवा, शेवटच्या क्षणी नको. काईट हळूहळू वर न्या आणि त्याच वेळी गाडीचं तोंड वाऱ्याकडे वळवा, वेग मरतो. वेगात असताना काईट झटक्यात डोक्यावर नेलात तर तो तुम्हाला सीटमधून उचलतो, आणि पडणार टणक वाळूवर. काही सुचत नसेल तर हँडलं सोडा. काईट पडला तर पडू द्या.

वळण घेऊन परत यायचं पहिल्या दिवशी असं करा, पूर्ण थांबा, काईट डोक्यावर स्थिर करा, बग्गी पायांनी आणि अंगाने दुसऱ्या दिशेला फिरवा आणि नव्याने निघा. चालतं वळण नंतर. त्यात काईट आधी वरून दुसऱ्या बाजूला न्यायचा आणि मग गाडी वाऱ्याबरोबर फिरवायची, गाडी आधी फिरली तर ती काईटकडे पळते, लाईनी सैल पडतात, काईट खाली येतो आणि परत हवा भरली की असा झटका देतो की खांदा निखळेल. मागची चाकं आडवी घसरायला लागली तर समजा काईट मोठा पडतोय, उतरा आणि लहान लावा.

दुसरी माणसं, दुसरे जीव

तुमच्यापासून वाऱ्याबरोबरच्या बाजूला लाईनीच्या दुप्पट, म्हणजे निदान ५० मीटर मोकळे ठेवा, फिरायला आलेल्या माणसाला ह्या लाईनी दिसत नाहीत आणि मोकळा कुत्रा तर काईटमागे धावतोच. समोरून दुसरी बग्गी आली तर वाऱ्याकडच्याने काईट वर ठेवायचा आणि दुसऱ्याने खाली, म्हणजे लाईनी अडकत नाहीत. हिवाळ्यात स्थलांतर करून आलेले पक्षी ओहोटीच्या काठावर खात असतात, त्यांना प्रत्येक वेळी उडायला लावलं की थंडीत साठवलेली त्यांची ताकद फुकट जाते. थवा दिसला की लांबूनच वळा, त्यांना उडवून त्यांच्यातून गाडी नेण्यात काही शौर्य नाही.

किती वेळ

अर्ध्या तासाने उतरा, काईट जमिनीवर पक्का करा, चाला, गरम काहीतरी प्या. बोटांनी जॅकेटची चेन लावता येत नसेल तर त्या बोटांनी काईट पण उडवायचा नाही, ही साधी टेस्ट दर वेळी करा. जोडीदारावर पण लक्ष ठेवा, कोणी अडखळत बोलायला लागलं, गाठ मारता येईना, उगाच चिडायला लागलं तर ती थंडी आहे, तो नाही म्हणाला तरी त्याला कारमध्ये बसवा आणि ओले कपडे बदला. बधिर हात एकदम कढत पाण्यात घालू नका, काखेत धरून हळूहळू गरम करा.

घरी आल्यावर

थकलेले असता, पण मीठ वाट बघत नाही. बग्गी गोड्या पाण्याने धुवा, पण पाण्याचा जोरदार फवारा चाकांच्या बेअरिंगवर मारू नका, खारं पाणी आणि वाळू आणखी आत जाते, नुसतं वरून पाणी सोडा, पुसा, मग चाक हाताने फिरवून कान लावा, करकर आली तर पुढच्या वेळेआधी बेअरिंग बदला. काईटमधली वाळू मागच्या कडेला ती सोडायची तोंडं असतील तर ती उघडून झटका, नसतील तर जाळीतून उलटा करून. ओला काईट पिशवीत ठेवला तर बुरशी धरतो, दोरीवर सैल टाकून सावलीत वाळवा, हीटरजवळ नको, कापडावरचा थर खराब होतो. लाईनी गोड्या पाण्यात बुडवून मोकळ्या पसरून वाळवा आणि गुंडाळताना दोन बोटांतून पूर्ण सरकवून बघा, कुठे खरखरीत लागलं किंवा मधेच गाठ पडली असेल तर ती गाठ तशीच सोडू नका, गाठीपाशी लाईनीची ताकद खूप कमी होते आणि लाईन तुटते ती तिथेच. चारही लाईनी एका टोकाला बांधून ताणा आणि लांबी सारखी आहे का बघा, पॉवरच्या लाईनी वापराने ताणल्या जातात, मग न ओढताच ब्रेक थोडे लागलेले राहतात आणि काईट मागे रेंगाळतो. फरक दिसला तर हँडलजवळच्या गाठी सरकवून लांबी जुळवून ठेवा, किनाऱ्यावर गार बोटांनी ते काम होत नाही.